घडवायचे, टिपायचे आणि मोडून टाकायचे : याला शिल्प म्हणावे का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

तापीकाठ (जळगाव)
जर्मन कलावंत थॉमस डिमांड कागद आणि पुठ्ठ्यातून हुबेहूब खोली पूर्ण आकारात उभी करतो, तिचे मोठे छायाचित्र घेतो आणि नंतर ती खोली मोडून टाकतो. दालनात प्रेक्षकांसमोर येते ते केवळ छायाचित्र. माझे म्हणणे असे की हे छायाचित्र शिल्पाची नोंद नसून शिल्पाचाच शेवटचा टप्पा आहे, आणि आपल्याकडच्या प्रदर्शनांनी अशी कामे शिल्पविभागात घ्यायला हवीत.

खानदेशाला तरी हे परके वाटू नये. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर छोटे देखावे रचून काढलेली छायाचित्रे अस्सल निसर्गदृश्ये वाटतात. या पद्धतीत वस्तू लहान आणि कॅमेरा अगदी जवळ असल्यामुळे पुढचा खडा ठळक आणि मागची टेकडी धूसर येते, आणि देखावा टेबलावरचा आहे हे तत्काळ उघडे पडते. म्हणून पुढचे-मागचे सारखेच स्पष्ट यावे यासाठी ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) बारीक ठेवून एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) लांबवावे लागते, प्रकाश उन्हासारखा एकाच बाजूने पाडावा लागतो, आणि अंतराचा भास व्हावा म्हणून मागच्या वस्तू मुद्दाम लहान घडवाव्या लागतात. यातले कितीतरी निर्णय घडवणाऱ्याचे आहेत. बटण दाबणे हे त्यातले सर्वांत किरकोळ काम.

छिन्नी (धुळे)
मूसांच्या कामाबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, ते छायाचित्रणच आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शिल्पाभोवती फिरता आले पाहिजे, आणि आपल्या देहाच्या मानाने त्याचा आकार जाणवला पाहिजे. आमच्या जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार यांनी घडवलेला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर उंच आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो आणि कपाटातली वीतभर मूर्ती सारखीच दिसतात. छायाचित्र शिल्पातून सर्वांत आधी हिरावून घेते ते हेच.

मोडण्याचे म्हणाल, तर खानदेशात मुली जिच्यापुढे गाणी म्हणतात त्या गुलाबाईची मातीची मूर्तीही कोजागरीला विसर्जित होते. तिचा फोटो घरात राहिला म्हणून पुढच्या वर्षी कोणी त्याच्यापुढे टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत नाही.

डार्करूम (भुसावळ)
आपण दोघेही एकाच दिशेने पाहत आहात, म्हणजे आधी शिल्प आणि मग छायाचित्र. उलट वाटेने जाणारे काय करायचे? कोरियाचा ग्वॉन ओसांग फोमची मनुष्याकृती कोरून तिच्यावर शेकडो छायाचित्रांचे तुकडे चिकटवतो. तिच्याभोवती फिरता येते, परंतु प्रत्येक तुकडा वेगळ्या जागेवरून टिपलेला असल्यामुळे सांधे पूर्णपणे जुळत नाहीत, आणि पाहणाऱ्याचा डोळा नेमका तिथेच अडकतो. छिन्नी यांच्या कसोटीवर हे शिल्प ठरते, पण त्याची कातडी सगळी कॅमेऱ्याने दिलेली आहे. शिवाय हा संकर आजकालचा नव्हे. पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम १८६० च्या दशकात माणसाला मध्ये बसवून भोवती लावलेल्या २४ कॅमेऱ्यांनी त्याची छायाचित्रे घेत असे आणि त्या बाह्यरेषांवरून पुतळा घडवत असे.

(जाता जाता : हा प्रकार इथे करून पाहणाऱ्यांनी मे महिन्याचा विचार आधी करावा. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर) चिकटवलेले प्रिंट आपल्याकडच्या ४५ अंशांत कडेने सुटतात आणि उन्हात रंग उडतो तो वेगळाच.)

तापीकाठ (जळगाव)
छिन्नी, गुलाबाईचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. ती मूर्ती महिनाभराच्या गाण्यांसाठी घडते आणि ते काम झाले की विसर्जित होते, म्हणून तिचा फोटो ही निव्वळ आठवण ठरते. डिमांडची खोली मात्र एका भिंगासाठीच घडते, त्यामुळे छायाचित्र निघेपर्यंत ती अपुरीच असते. फिरण्याची अट धरायची, तर लेण्यांतील भिंतीवर कोरलेल्या मूर्तींचे काय? त्यांच्या पाठीमागे आजवर कोण गेले आहे?

छिन्नी (धुळे)
भिंतीवरच्या कोरीव मूर्तीपुढून चालत गेले की सावली सरकते, नाकाची उंची बदलते, आणि सकाळचा चेहरा संध्याकाळी राहत नाही. तुमच्या छायाचित्रात सावली एकदाच आणि कायमची पडलेली असते, मग पाहणारा कुठेही उभा राहो. ही अडचण तुमच्या उत्तराने सुटत नाही.

एवढे मात्र मान्य करतो की ग्वॉनचे काम मी शिल्पविभागातच ठेवीन. डिमांडच्या मार्गाने जाणाऱ्यांनाही दार बंद करू नये, पण परीक्षकांसमोर एक अट असावी : छायाचित्राशेजारच्या पाटीवर मूळ रचनेचे साहित्य, तिची लांबी-रुंदी-उंची आणि ती आता अस्तित्वात आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. संगणकावर तयार केलेली खोली आणि पुठ्ठा कापून उभी केलेली खोली प्रिंटमध्ये एकसारख्या दिसू लागल्या आहेत, आणि अशा वेळी हाताने घडवल्याचा पुरावा कोणता मानायचा, हे तापीकाठ यांनी अजून सांगितलेले नाही.