ही एमिलिया कोण?

ताडदेवची आई:
लेक सप्टेंबरपासून इटलीत मोडेनाला शिकतेय. फराळाच्या पार्सलवर तिनं सांगितलेला पत्ता लिहिला: विया एमिलिया. प्रांताचं नाव एमिलिया-रोमान्या. परवा फिरायला गेली ते गाव रेज्जो एमिलिया. ही एमिलिया कोण, राणी की संत? लेक म्हणते, "आई, इथं सगळीकडे तेच लिहिलेलं असतं, मी कधी विचारलंच नाही."

दादरचा मास्तर:
ताई, एमिलिया बाई नाही, वाट आहे! इ.स.पू. १८७ मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी, मार्कस एमिलियस लेपिडस यानं एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रिमिनीपासून पो नदीकाठच्या पियाचेन्झापर्यंत रस्ता बांधला. सुमारे २६० किलोमीटर, बराचसा नाकासमोर सरळ. लॅटिनमध्ये 'विया' म्हणजे रस्ता, पण शब्द स्त्रीलिंगी, आपल्या 'वाटे'सारखा. रस्ता कच्चा, पण वाट कच्ची. तशी एमिलियसची ती एमिलिया. रेज्जोचं जुनं नावही त्याच्याच नावावरून: रेगियम लेपिडी.
नकाशा उघडा. फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोडेना, रेज्जो, पार्मा, सगळी त्या रस्त्यावर, आपल्या वेस्टर्न लाइनच्या स्टेशनांसारखी एकापुढे एक.

माहीमकर:
पण विया आपिया हा रोमनांचा दुसरा रस्ता त्याहून जुना, इ.स.पू. ३१२ चा. त्याचं नाव प्रांताला का नाही पडलं?

दादरचा मास्तर:
फार चांगला प्रश्न. आपिया गेली ती लॅटियम, कंपानियामधून. त्या मुलखांना आधीपासून नावं होती. एमिलियाचा मुलूख गॉल लोकांकडून नुकताच जिंकलेला. वसाहती नव्या, आणि त्यांना एकत्र जोडणारा हा रस्ता. पुढे रोमन सम्राट ऑगस्टसनं इटलीचे विभाग पाडले, त्यातल्या आठव्याला नंतर एमिलियाच म्हणू लागले. रस्त्याचं नाव मुलखाला चिकटण्याची इतकी मोठी उदाहरणं मला तरी फार आठवत नाहीत.

ताडदेवची आई:
मास्तर, वाचून अंगावर काटा आला. आमचा ग्रँट रोडही तसाच की! गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचा रस्ता. त्या रस्त्याच्या पाटीवर आता मौलाना शौकत अली रोड आहे, पण स्टेशन ग्रँट रोड आणि सगळा परिसरही ग्रँट रोड. माझ्या सासूबाई अजून "ग्रँट रोडला भाजी घ्यायला जाते" म्हणतात, तेव्हा त्यांना रस्ता नाही, सगळा भाग म्हणायचा असतो. लेकीला मेसेज केलाय, घराबाहेरच्या पाटीचा फोटो पाठव म्हणून. तिकडे आत्ता दुपार, कॉलेजात असेल.