टोयोटावर लोकांचा एवढा भरवसा कसा बसला?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या घरी नवी गाडी घेण्याचे चालले आहे आणि वडिलांचा हट्ट एकच आहे की घ्यायची तर टोयोटाच. कारण विचारले तर "ती बंद पडत नाही" एवढेच उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. तेवढ्याच पैशांत इतर कंपन्या मोठा पडदा, सनरूफ आणि आणखी बरेच काही देत असताना, ज्यांना मोटारीतले फारसे कळत नाही अशी माणसेसुद्धा या एका नावावर डोळे झाकून पैसे टाकतात, याचे मला कुतूहल वाटते. "जपानी म्हणजे टिकाऊ" हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही, कारण जपानच्या आणखीही कंपन्या आपल्याकडे आल्या आणि त्यांतल्या काही गाशा गुंडाळून परत गेल्या. या कंपनीच्या इतिहासात किंवा कामाच्या पद्धतीत असे काही वेगळे आहे का, की हा नुसता तोंडोतोंडी पसरलेला लौकिक आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

यंत्रमागवाला (मालेगाव)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्याही आधी, मागापासून सुरू होते, म्हणून मालेगावच्या माणसाने आधी लिहिलेले बरे. या घराण्याचा मूळ पुरुष साकिची तोयोदा. 1867 साली शिझुओका भागातल्या एका खेड्यात सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. गावातल्या बायका हातमागावर राबताना पाहून त्याने माग सुधारण्याचा ध्यास घेतला, 1891 मध्ये लाकडी हातमागाचे पेटंट मिळवले आणि 1896 मध्ये शक्तीवर चालणारा माग तयार केला. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला किंवा संपला की हा माग आपोआप थांबत असे.

यात विशेष काय, हे सांच्यासमोर, म्हणजे यंत्रमागासमोर, उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आमच्याकडच्या साध्या सांच्यावर ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तर माग खटखट करत पुढे विणतच राहतो आणि कारागिराची नजर जाईपर्यंत कापडात उभी रेघ पडत जाते. नजर गेली की तो सांचा बंद करतो, तुटलेले टोक शोधून गाठ मारतो, तारेच्या डोळ्यातून आणि फणीतून धागा पुन्हा ओवतो; पण तोवर विणलेले कापड डागी मालातच जाते. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लटकत असते. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. साकिचीच्या 1924 च्या जी प्रकारच्या मागात ही सोय तर होतीच, शिवाय बाणा संपत आला की माग न थांबता धोटाही (बाणा आडवा नेणारी नळी) आपोआप बदलला जाई. त्यामुळे एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले, कारण त्याला प्रत्येक मागाकडे टक लावून उभे राहावे लागत नव्हते. ज्याला गरज आहे तो माग स्वतःच थांबून त्याला बोलावत असे.

या मागांसाठी 1926 मध्ये कारिया येथे स्वतंत्र कारखाना निघाला. पुढे 1929 मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने एक लाख पौंडांचा करार करून या मागाचे हक्क घेतले. जिथले माग साऱ्या जगात जात होते, त्या मुलखाने एका जपानी सुताराच्या मुलाकडून मागाची विद्या विकत घ्यावी, ही गोष्ट मला आजही भारी वाटते. जाता जाता सांगतो, सुझुकीसुद्धा 1909 साली हामामात्सु येथे माग बनवण्यासाठीच सुरू झाली होती. म्हणजे नाशिकच्या रस्त्यावर पदोपदी दिसणाऱ्या या दोन्ही जपानी नावांचा मूळ धंदा आमचाच.

अंबडचा निवृत्त

यंत्रमागवाल्यांनी पाया घातलाच आहे, तर त्यावर मोटार कशी उभी राहिली ते मी सांगतो. माझी सारी नोकरी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत, गुणवत्ता विभागात गेली, त्यामुळे हा माझ्या आवडीचा विषय आहे.

साकिचीचा मुलगा कीइचिरो हा शिकलेला यंत्र अभियंता. 1933 मध्ये त्याने मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला, 1935 मध्ये जी-1 हा ट्रक आला, 1936 मध्ये एए ही मोटार आली आणि 1937 मध्ये टोयोटा ही स्वतंत्र कंपनी झाली. आज ज्यांच्या टिकाऊपणाच्या आणाभाका घेतल्या जातात त्यांचे पहिले ट्रक वरचेवर बंद पडत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्या ट्रकांची दुरुस्ती कंपनीने पदरमोड करून केली आणि सापडलेला दोष पुढच्या गाड्यांत सुधारत नेला. म्हणजे टिकाऊपणा ही जपानी रक्तातून आलेली देणगी नव्हती, ती कमवावी लागली.

युद्धानंतर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. 1950 मध्ये कामगारकपात आणि मोठा संप झाला आणि जबाबदारी स्वीकारून कीइचिरोने जूनमध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकन सैन्याकडून ट्रकांच्या मागण्या आल्या आणि कंपनी वाचली. कीइचिरो 1952 मध्ये वारला. ज्या क्राउन मोटारीने 1955 मध्ये कंपनीला देशात नाव मिळवून दिले, ती त्याला पाहता आली नाही.

आता पद्धतीकडे वळू. ताइइची ओनो हा माणूस मोटारीच्या कारखान्यात आला तो 1943 मध्ये, याच घराण्याच्या सूत आणि कापडाच्या गिरणीतून. गिरणीत एक बाई अनेक माग सांभाळते, मग इथे एका यंत्राला एक माणूस कशाला, असा त्याचा साधा प्रश्न होता. त्याच्या हाताखाली मागाचा नियम मोटारीला लागू झाला: दोष दिसला की थांबायचे. यंत्राने तर थांबायचेच, पण मोटारीच्या जोडणीच्या ओळीवर (असेंब्ली लाइनवर) काम करणाऱ्या साध्या कामगारालाही दोरी ओढण्याचा हक्क दिला गेला. दोरी ओढली की वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि गाडी पुढच्या टप्प्यावर जाईपर्यंत अडचण सुटली नाही तर ओळ थांबते. जोडीला कानबान आले, म्हणजे पुढच्या टप्प्याने चिठ्ठी पाठवल्याशिवाय मागच्याने माल बनवायचाच नाही. साठा करायला पैसा नव्हता हे त्याचे एक कारण होते, पण त्यातून मोठा फायदा झाला. गोदामात महिन्याचा माल पडून असला की खराब नग महिनाभर झाकला जातो. दोन तासांचाच माल हाताशी असेल तर तो दोन तासांत उघडा पडतो.

आपल्या औद्योगिक वसाहतीत कायझेन (सतत थोडी थोडी सुधारणा) आणि पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) हे शब्द आता कॅन्टीनवाल्यालाही ठाऊक झाले आहेत. परंतु मी ज्या एका कारखान्यात होतो तिथे दोरी बसवून, दिवे लावून, पाहुण्यांना दाखवूनसुद्धा एखाद्या पोराने ती ओढली की साहेबांचा पहिला प्रश्न "किती नग बुडाले?" हाच असे. काही दिवसांत ती दोरी कोणी ओढेनासे झाले. दोरी विकत मिळते, ती ओढणाऱ्याला अभय देणे ही व्यवस्थापनाची गोष्ट आहे, आणि माझ्या मते टोयोटाचे वेगळेपण तिथे आहे.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मागापासून सुरुवात होईल असे वाटले नव्हते. पण वडिलांना ओनो ठाऊक नाही आणि कानबानही नाही. मग आपल्याकडच्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत हा विश्वास पोहोचला तो कोणत्या वाटेने?

द्वारका टूरवाला

टूरच्या गाड्यांमधून पोहोचला, हे मी खात्रीने सांगतो. टोयोटा भारतात तशी ऐंशीच्या दशकातच डीसीएम या भारतीय कंपनीबरोबर छोटे ट्रक घेऊन आली होती, पण ते प्रकरण टिकले नाही. दुसऱ्यांदा ती किर्लोस्करांबरोबर आली. त्यांची ओळखही आधी कापडाच्याच यंत्रांतून झाली होती; 1995 मध्ये सूतकताईच्या यंत्रांची भागीदारी झाली, 1997 मध्ये मोटारींची, आणि जानेवारी 2000 मध्ये बंगळुरूजवळच्या बिडदी येथून क्वालिस बाहेर पडली. ती दिसायला जुनाट होती, कारण इंडोनेशियात आधीपासून चालत असलेल्या किजांग गाडीवर ती बेतलेली होती. लोकांनी तिला नावे ठेवली, पण आम्ही टूरवाल्यांनी ती उचलली.

आमचे गणित वेगळे असते. त्र्यंबक, वणीचा गड आणि शिर्डी हे ज्याला एका दिवसात उरकायचे आहे असा यात्रेकरू सकाळी सहाला सात माणसे आणि टपावर बॅगा घेऊन तयार असतो. गाडी मध्ये उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे जाते, वर दुसरी गाडी पाठवावी लागते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आम्ही सनरूफ बघत नाही. क्लच किती वर्षे पुरतो, सुटा भाग मनमाडला मिळतो का, आणि तीन-चार लाख किलोमीटर झाल्यावरही गाडीला बाजारात काय किंमत येते, हे बघतो. क्वालिस या कसोटीला उतरली. 2005 मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली. मजबूत चासी आणि डिझेल इंजिन तसेच ठेवून तिच्यात बसण्याचा आराम मोटारीसारखा दिला होता. छतातल्या जाळ्यांमधून गार हवा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, त्यामुळे मे महिन्यात मागे बसलेल्या आजीबाईसुद्धा कुरकुर करत नाहीत.

एरवी आपल्याकडे एखादी गाडी टॅक्सीत चालू लागली की घरगुती गिऱ्हाईक तिच्यापासून दूर पळते. इनोव्हाचे उलट झाले. डॉक्टर, बिल्डर, पुढारी हे सगळे आमच्या गाडीत बसून लग्नांना गेले, चालकाला "किती पळाली?" असे विचारले, आकडा ऐकून चकित झाले आणि पुढच्या दिवाळीला स्वतःसाठी घेऊन आले. तुमच्या वडिलांनाही असेच कोणीतरी सांगितले असणार.

शंकेखोर (सिडको)

इतकी आरती चालली आहे, तर दुसरी बाजूही मांडतो. पहिली गोष्ट म्हणजे भरवसा एकट्याने गाडी विकत नाही. 2010 मध्ये आलेली इटिऑस टिकायला उत्तमच होती, पण आतली सजावट इतकी साधी होती की घरगुती लोकांनी तिला टॅक्सीच मानले आणि 2020 मध्ये ती बंद झाली. दुसरी गोष्ट, शोरूममधल्या प्रत्येक टोयोटामागे एकच इतिहास नाही. 2019 पासून विकली जाणारी ग्लान्झा ही मुळात सुझुकीची बलेनो आहे. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण साकिचीच्या मागाचा वारसा म्हणून तिच्याकडे पाहणे गमतीचे आहे.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. 2009 आणि 2010 मध्ये पाय ठेवण्याच्या चटया आणि अडकणारे अ‍ॅक्सिलरेटर यांमुळे कंपनीला जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष, याच घराण्यातले अकिओ तोयोदा यांनी माफी मागितली आणि आपण फार वेगाने वाढलो असावे अशी कबुली दिली. 2014 मध्ये तिथे 1.2 अब्ज डॉलरची तडजोड झाली. डिसेंबर 2023 मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सुच्या सुरक्षा चाचण्यांतले गैरप्रकार बाहेर आले. जानेवारी 2024 मध्ये काही डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या चाचणीत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि आपल्याकडेही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या गाड्यांची रवानगी काही दिवस थांबली. ती इंजिने बनवणारी टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे 1926 चा तोच मागाचा कारखाना, हे यंत्रमागवाल्यांनी लक्षात घ्यावे.

अंबडचा निवृत्त

शंकेखोरांचे मुद्दे खरे आहेत आणि ते टाळण्यात अर्थ नाही. मात्र त्या इंजिनांच्या प्रकरणात चाचणीचे आकडे एकसारखे दिसावेत म्हणून वेगळे सॉफ्टवेअर वापरले गेले होते. इंजिने ठरलेली शक्ती देतात आणि गाडी वापरणे थांबवण्याची गरज नाही, असे कंपनीने तेव्हाच जाहीर केले होते आणि रवानगीही लवकरच पुन्हा सुरू झाली. दाइहात्सुच्या चौकशीत मुदतीचा असह्य दबाव हे कारण पुढे आले. मला त्यात एक गोष्ट दिसते: दोरी कारखान्याच्या ओळीवर होती, चाचणीच्या प्रयोगशाळेत नव्हती. नवी गाडी अमुक तारखेला आलीच पाहिजे असे वरून ठरले की तिथल्या अभियंत्याला "थांबा" म्हणायला दोरीच नसते.

थोडे अवांतर: जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन येथे सुमारे 20,000 कोटींच्या कारखान्यासाठी या कंपनीचा राज्य सरकारशी करार झाला आहे. तो उभा राहिला तर आपल्या भागातल्या सुटे भाग बनवणाऱ्यांना या पद्धतीची परीक्षा जवळून द्यावी लागेल.

गोदाकाठ

आता व्यवहाराचे विचारतो. घरी पाच माणसे, बहुतेक वापर शहरात, महिन्यातून एखादी मुंबई. इनोव्हाच्या दोन प्रकारांपैकी क्रिस्टा घ्यावी की हायक्रॉस?

द्वारका टूरवाला

तुमच्या वापराला हायक्रॉसची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, योग्य वाटते. ही पद्धत टोयोटा 1997 च्या प्रियसपासून वापरत आली आहे, त्यामुळे ती नवखी नाही, आणि मुंबई नाक्याच्या कोंडीत गाडी बराच वेळ बॅटरीवर सरकते. क्रिस्टा डिझेलवर आणि मागच्या चाकांवर चालते. सात माणसे आणि सामान घेऊन रोज घाट चढणाऱ्या आमच्यासारख्यांना ती अजून हवी आहे, पण पाच माणसांच्या घराला तिचे वजन आणि डिझेलचा आवाज कशाला? फक्त शोरूमच्या भोवतालच्या फेरीवर निर्णय घेऊ नका. एक दिवस भाड्याने घेऊन घरच्या सगळ्यांसह नांदुरीचा घाट चढा, आणि त्या वेळी शेवटच्या रांगेत तुम्ही स्वतः बसा.