पिरोलमध्येही नायट्रोजन आहे, मग तो बेस का नाही?

कृष्णाकाठ:
एसवाय बीएस्सीला आहे. पिरिडीनच्या कड्यात एक नायट्रोजन, पिरोलच्या कड्यातही एकच. तरी पिरिडीन बेस आहे, म्हणजे आम्लाकडून प्रोटॉन घेऊन लगेच क्षार बनवतं, पिरोल नाही. नोट्समध्ये 'लोन पेअर डिलोकलाइझ्ड असते' (नायट्रोजनची बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनजोडी कड्याभर पसरलेली असते) एवढीच ओळ आहे. पाठ झाली, पण डोक्यात शिरत नाही. कुणी समजावून सांगाल का?

क्यूसीताई:
आधी इलेक्ट्रॉन मोज. या कड्यांना अरोमॅटिक, म्हणजे खास स्थिर, व्हायला कड्याच्या वर-खाली पसरलेले सहा इलेक्ट्रॉन (पाय इलेक्ट्रॉन) लागतात. पिरिडीनमध्ये अणू सहा. प्रत्येकाने एकेक दिला की भरले. नायट्रोजनची जोडी शिल्लक राहते, तीही कड्याच्या पातळीत, बाहेर तोंड करून. प्रोटॉन आला की घेते. पिरोलमध्ये अणू पाचच. कार्बनचे चार झाले, दोन कमी पडले, ते नायट्रोजनने स्वतःची जोडी घालून भरले. ती जोडी प्रोटॉनला दिली तर अरोमॅटिकपणाच जातो.

मी औषध कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. पावडरीत पाणी किती ते कार्ल फिशरच्या पद्धतीने रोज काढते. पद्धत १९३५ची. आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड पाण्याशी प्रक्रिया करतात, आम्ल तयार होतं आणि ते धरून ठेवायला बेस लागतो. मी लागले तेव्हा आमच्याकडे तो बेस पिरिडीन होता. नासक्या मासळीसारखा वास! हातमोजे घातले तरी ओढणीला लागायचा. घरी पोचले की आई आधी मला आंघोळीला पाठवायची. आता आमच्या रीएजंटमध्ये त्याच्या जागी इमिडाझोल आहे आणि लॅबमध्ये सुखाने श्वास घेता येतो. तू इमिडाझोल काढून बघच. एकाच कड्यात दोन नायट्रोजन, एक पिरोलसारखा, एक पिरिडीनसारखा.

कृष्णाकाठ:
ताई, म्हणजे प्रोटॉन पिरिडीनसारख्यावर बसणार. पण दुसऱ्याची जोडी तर अडकलेली. मग इमिडाझोल पिरिडीनपेक्षा कमजोर बेस?

क्यूसीताई:
जागा बरोबर सांगितलीस, पण बेस म्हणून ते जास्त जोरदार. प्रोटॉन घेतलेल्या रूपाचा पीकेए पिरिडीनचा ५.२, इमिडाझोलचा ७ च्या आसपास; हा आकडा मोठा तितका बेस जोरदार. प्रोटॉन बसला की धनभार दोन्ही नायट्रोजन सारखा वाटून घेतात, म्हणून ते रूप टिकतं. हिस्टिडीन या अमिनो आम्लात हेच कडं आहे. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, त्यामुळे कितीतरी एन्झाइमांत प्रोटॉनची देवाणघेवाण हिस्टिडीनच करतं.

ऊर्ध्वपातन:
एक भर. तीव्र आम्लात पिरोलही प्रोटॉन घेतो, पण नायट्रोजनवर नाही, शेजारच्या कार्बनवर. मग रेणू एकमेकांना जोडत जातात आणि फ्लास्कच्या तळाशी काळपट राळ बसते. नुसता ठेवला तरी हवा-उजेडाने रंग धरतो. ताजा डिस्टिल केलेला पाण्यासारखा, काही दिवसांनी बघाल तर कोऱ्या चहासारखा. वापरायच्या दिवशीच डिस्टिल करून घ्या.

कृष्णाकाठ:
ताई, सर, आत्ता वहीत काढलं. पिरोलची जोडी कड्याच्या वर-खाली, पिरिडीनची बाजूला. बरोबर?

क्यूसीताई:
अगदी बरोबर. आता फ्युरान काढ. ऑक्सिजनकडे दोन जोड्या आहेत, कुठली कुठे जाते ते सांग.