एकच इंग्रजी शब्द, दोन स्पेलिंगं : तुमच्या कामात कुठे अडतं?

कृषी केंद्र असो, सेतू असो की फ्लेक्सचं दुकान, इंग्रजी रोज लिहावं लागतं आणि एकाच शब्दाची दोन रूपं समोर येतात. शाळेत आपण ब्रिटिश रूपं शिकतो. अमेरिकेत मात्र वेब्स्टर या कोशकाराच्या १८२८ च्या शब्दकोशाने ‘कलर’मधला यू गाळलेलं रूप रुळवलं, आणि कॉम्प्युटर पुष्कळदा त्याच पद्धतीवर बसवलेला असतो. आपापल्या धंद्यातला नेमका शब्द, काय चालतं आणि काय बिघडतं ते लिहा.

कृषी केंद्र, दर्यापूर तालुका
सल्फर, म्हणजे गंधक. काही पुड्यांवर स्पेलिंगमध्ये पी-एच, काहींवर एफ. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये एफ धरला, आपल्याकडे पी-एच चालूच राहिला. गंधक तोच. एफ दिसला म्हणून माल डुप्लिकेट ठरत नाही. नजर हवी ती पुढच्या आकड्यावर आणि अक्षरांवर. ८० टक्के डब्ल्यू-पी ही पाण्यात मिसळायची भुकटी. ८० टक्के डब्ल्यू-जी म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे. डब्ल्यू-डी-जी हे त्याचंच दुसरं नाव. ८५ टक्के डी-पी धुरळणीसाठी असते. ती फवारणी पंपात टाकली तर पाण्यावर तरंगते, गोळे धरते आणि नोझल चोंदतं. ९० टक्के गंधकाचं, बेंटोनाइट नावाच्या मातीत बसवलेलं तर जमिनीत द्यायचं खत. भुरीवर (पानांवर पांढरी बुरशी येते त्या रोगावर) फवारायला ते मागू नका भाऊ, एका अक्षराच्या वादात हाच फरक हातून सुटतो.

ट्रॅक्टर स्पेअर पार्ट, वाशीम
टायरला आपल्याकडे वाय, अमेरिकेत आय. मोबाईलवर आय टाकून शोधलं की डॉलरातले भाव येतात. त्यापेक्षा टायरच्या बाजूला कोरलेला आकडाच टाका. १३.६-२८ म्हणजे रुंदी १३.६ इंच, रिम २८ इंच. नांगराचं उलटं आहे: परदेशी कॅटलॉग चाळताना शेवटी ‘ओ-डब्ल्यू’ लिहा. आपलं ‘ओ-यू-जी-एच’ टाकलं तर अर्धे पार्ट दिसतच नाहीत.

फ्लेक्स आणि डीटीपी, हिंगणघाट
‘कलर’मध्ये यू टाकला की वर्डमध्ये खाली लाल रेघ येते, आणि ऑपरेटर घाबरून यू काढतो. काढू नका. कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेज, मग सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथे इंग्लिश इंडिया. आधी निवडलं नाही तर सगळ्या मजकुराची भाषा बदलत नाही.
सराफाच्या पाटीवर ‘ज्वेलरी’ ब्रिटिश रूपात ९ अक्षरांची, अमेरिकन रूपात ७ ची. पाटी अरुंद असेल तर ७ ची बिनधास्त घ्या. पण जे-नंतरचा ई गाळलेलं जे रूप गावोगावी दिसतं, ते कुठल्याच पद्धतीत बसत नाही. गिऱ्हाईक कागदावर तसंच लिहून देतं, म्हणून प्रूफवर सही घेतल्याशिवाय प्रिंट सोडू नये.

इंग्रजीचे शिक्षक, आमगाव
मीटर सर्वांत जास्त चुकतं, कारण मराठीत एकच शब्द आहे. ब्रिटिश पद्धतीत अंतराचा मीटर ‘टी-आर-ई’ आणि विजेचं मीटर ‘टी-ई-आर’. विहिरीच्या मोटरचं कोटेशन इंग्रजीत करताना केबल १०० मीटर लिहिली की पहिलं, पाण्याचं मीटर लिहिलं की दुसरं. लायसन्सचंही तसंच: नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सीच आहे.

सेतू केंद्र, यवतमाळ जिल्हा
जिल्ह्याच्याच नावापासून बघा. इंग्रजांनी ‘यव’ला वाय-ई-ओ लावला, आता वाय-ए-व्ही आहे. देवळी, देवरी या गावांच्या नावांत ‘देव’चा ओ अजून टिकून आहे, म्हणून माणसांच्या नावातही देवराव दोन तऱ्हेने लिहिला जातो. आधार आणि पॅनवर वेगवेगळा असला की जोडणी अडकते. अर्ज भरताना उच्चारावरून टाइप करू नका, समोरच्या कार्डावरून अक्षर न अक्षर उतरवा. आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी दहावीचं सर्टिफिकेट, पासबुक आणि पॅन शेजारी ठेवा, जे रूप जास्त कागदांवर असेल तेच पक्कं करा.