होस्टेलात मोबाईल जमा केला म्हणजे पोरगं शिस्तीचं झालं का?

मांजराकाठचा_मास्तर, लातूर
दहावीचा निकाल लागला की आमच्या लातुरात दरवर्षी तेच. नांदेड, परभणी, हिंगोली, पार देगलूरकडून लेकरं येतात, सोबत गादी, पेटी आणि बाप. बापाचा पहिला प्रश्न फीचा नसतो, सर मोबाईल जमा करून घेता ना? हो म्हणलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग दोन वर्षं पहाटे पाचला बेल, कधी उठायचं, कधी जेवायचं, कोणता धडा कधी उघडायचा, रविवारी टेस्ट, सगळं दुसऱ्यानंच ठरवलेलं. मी अकरावी बारावीला शिकवतो आणि माझं म्हणणं सरळ आहे, यातनं मार्क येतात, नाही असं नाही, लातूर पॅटर्न काय उगं गाजला नाही, पण स्वतःला आवरायची, स्वतःचं स्वतः बघायची सवय यातनं लागत नाही. बारावी झाल्यावर हेच पोरगं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला जातं, तिथं बेल नाही, रेक्टर नाही, आणि पहिल्याच सेमिस्टरला निम्मे विषय राहतात. घरचे म्हणतात संगत वाईट लागली. अहो संगतीचं काय घेऊन बसलात, ज्याला सतरा वर्षांचा होईपर्यंत एक संध्याकाळ स्वतः ठरवू दिली नाही त्याच्या हातात एकदम अख्खं वर्ष दिलं तर दुसरं काय होणार.

मी वर्गात एक करतो. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने, काय ठरवलं, काय झालं, उद्या काय बदलायचं. मार्क नाहीत, सही नाही, घरी दाखवायचं नाही. औशाकडच्या एका पोरीनं तिचं पान आपणहून दाखवलं. "रात्री ९ ते १० केमिस्ट्री, मोल कन्सेप्ट. झालं नाही. टँकर आलं, घागरी भरल्या. उद्या पहाटे करते, टँकर एक दिवसाआड येतं." आता बगा, तिनं टँकरचं टाइमटेबल पकडून अभ्यास हलवला. हे कोणत्या क्लासच्या फीमध्ये बसतं ते सांगा.

रेक्टर_काका
सर तुमचं ऐकायला गोड आहे पण रात्री साडेअकराला पांघरुणाखाली निळा उजेड दिसतो तेव्हा तुम्ही घरी झोपलेले असता, मी असतो तिथं. एका मजल्यावर चाळीस पोरं. एकाकडं मोबाईल असला की बाकीचे त्याच्या खाटेवर. बापानं सोयाबीन विकून, वरून सोसायटीचं कर्ज काढून फी भरलेली असते, नीटची परीक्षा ७२० मार्कांची आणि तिथं एकेका मार्कावर कॉलेज बदलतं. तुमच्या तीन रकान्यात त्याचं एक वर्ष गेलं तर भरून कोण देणार? आणि एक ऐका, तुम्हीच लोक म्हणता ना की मेंदूचा पुढचा भाग, तो आवर घालणारा, पंचविशीपर्यंत पिकत राहतो. मग ब्रेक बसलेलाच नाही तर गाडी कशाला हातात द्यायची? आम्ही बाहेरून ब्रेक लावतो, त्याला जुलूम म्हणू नका.

परभणीकर_इंजिनिअर
रेक्टर काकांना +१. आणि खरं बोलू का, हे शिकवून येत नाही, ज्याच्यात आहे त्याच्यात आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं चारेक वर्षांच्या पोरांपुढं एक गोड खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी येईपर्यंत थांबलास तर दोन देतो. जी थांबली ती पुढं अभ्यासातही पुढं गेली. विषय संपला. उगं वह्या लिहून काय होतंय.

बीडची_ताई
दादा, विषय संपला नाही, अर्धाच सांगितला तुम्ही. २०१८ साली तोच मुद्दा नऊशेवर लेकरांवर परत तपासला, तेव्हा थांबण्याचा पुढच्या अभ्यासाशी दिसणारा संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण हे हिशोबात धरल्यावर त्यातलाही बराचसा उडाला. म्हणजे "ज्याच्यात आहे त्याच्यात आहे" हे म्हणणं तिथंच ढिलं पडलं.

त्याच्याहून महत्त्वाचं सांगते. रोचेस्टर विद्यापीठात २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात खाऊच्या आधी एक गोष्ट केली. मुलांना म्हणले थांबा, चांगले रंग आणून देतो. निम्म्यांना आणून दिले, निम्म्यांना सॉरी, नाहीयेत. मग खाऊ ठेवला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती तीन मिनिटं. लेकरं तशीच, फरक फक्त समोरच्या मोठ्या माणसाचा.

मी जिथं शिकवते तिथले आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, कारखान्यावर, पार कर्नाटकापर्यंत. लेकरं मागं राहतात, आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. तेरा वर्षांची पोरगी पहाटे उठून भाकरी थापते, धाकट्याला आंघोळ घालून शाळेत आणते, आणि आम्ही तिला शिस्त शिकवायची म्हणे. तिला आवर घालता येतो हो. तिला सवय नाही ती आम्ही सांगितलेलं खरं व्हायची. गणवेश येईल म्हणलं, आला नाही. शिष्यवृत्ती दिवाळीआधी म्हणलं, उन्हाळ्यात आली. सहल ठरली, रद्द झाली. मग ती पुढच्या वर्षाच्या बाता ऐकून आज थांबल का? मी तर हातात येईल ते आत्ताच घे म्हणणारं लेकरू शहाणं धरते.

अकरावी_पीसीबी
कोणी विद्यार्थ्याला विचारणारय का? मी तुमच्याच गावात होस्टेलला राहतो. पहाटे पाचची बेल आणि स्टडी अवर रात्री साडेअकरापर्यंत, झोप पाच तास. डॉक्टर लोक आमच्या वयाला आठ ते दहा तास सांगतात, आणि या वयात झोपच उशिरा लागते म्हणे, ती काय आळशीपणानं नाही. पाच तास झोपलेला माणूस चिडणार, विसरणार, पांघरुणाखाली रील बघणार. मग त्याला म्हणायचं सेल्फ कंट्रोल नाही.

आणि मास्तर, राग मानू नका, ती तीन रकान्याची वही पण निम्मी खोटी असते. आमच्याकडं एका सरांनी सुरू केली, शेवटच्या बाकावरचे सगळे सोमवारी सकाळी अख्ख्या आठवड्याचं एकदम लिहायलेत. मी पण लिहिलं.

अंबाजोगाईची_आई
लेकरा तू खरं बोललास. माझी पोरगी दहावीला आहे, परवा तिनं स्वतःच मोबाईल आजीच्या ट्रंकेत ठेवला आणि किल्ली आजीच्या कमरेला. म्हणली मागितला तरी देऊ नको, आठच्या नंतर दे. मला लई नवल वाटलं. त्या मिशेलच्या प्रयोगात पण जी लेकरं थांबली ती काही दात ओठ खात बसली नव्हती, कोणी डोळे झाकले, कोणी गाणं म्हणलं, आणि खाऊ झाकून ठेवला की जास्त वेळ थांबली. म्हणून रेक्टर भाऊ, मोबाईल दूर ठेवणं चूक नाही. पण कपाट तुमचं, किल्ली तुमची, वेळ तुमची, तर त्यात पोरगं शिकलं काय?

रेक्टर_काका
ताई, चाळीस आज्ज्या कुठून आणू?

मांजराकाठचा_मास्तर
😀 काका, आज्जी नको, पायरी पाहिजे. ब्रेक बसलेला नाही हे मान्य, पण हळू हळू चालवल्याशिवाय तो बसतही नाही ना.

पीसीबी, सोमवारचं म्हणशील तर लिहू दे त्यांना खोटं, आठवड्याचं एकदम रचायला पण पोराला आपण काय करायला पाहिजे होतं ते आठवावं लागतं. पण वहीपेक्षा टेस्टचा पेपर परत मिळतो ती वेळ मला जास्त कामाची वाटते. पोरं फक्त मार्क बघतात आणि पेपर बॅगेत कोंबतात. तिथं दहा मिनिटं थांबवायचं, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढं लिहायचं, येतच नव्हतं, की घाईत "नाही" शब्द सुटला, की वेळ पुरला नाही. तिन्हीचा इलाज वेगळा आहे आणि तो पोरानं ठरवायचा. बहुतेक जण सगळ्याला एकच औषध घेतात, धडा परत वाचणे. वाचल्यावर येतंय असं वाटतं, तीच तर गंमत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ ला दाखवलं, परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढं होते, पण आठवड्यानं पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढं गेले. पोराला हे सांगून पटत नाही, त्याला एकदा स्वतःवर करून बघू द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्याकडं स्वतःचा अर्धा तास पाहिजे. तुमच्या टाइमटेबलात तो कुठाय काका?

परभणीकर_इंजिनिअर
बीडच्या ताईंचं रोचेस्टरवालं वाचलं, ते पटलं. तरी सतरा वर्षांचा घोडा गणवेश आला नाही म्हणून रील बघतो हे पटत नाही.

बीडची_ताई
तसं म्हणलेच नाही मी. म्हणलं एवढंच की होस्टेलवाल्यांनी "टेस्टमध्ये सुधारला तर शनिवारी घरी फोन" असं कबूल केलं तर ते पाळा. ऐनवेळी एक्स्ट्रा लेक्चर टाकू नका.

रेक्टर_काका
ते मात्र आमच्याकडं होतं, खोटं कशाला बोलू. बरं मास्तर, बारावीला हात लावणार नाही, अकरावीचा एक मजला घेतो. झोप साडेदहा, आणि संध्याकाळचा एक तास पोरांनी ठरवायचा. मोबाईल जमाच राहणार, त्यावर वाद नको.

मांजराकाठचा_मास्तर
आणि रविवारी दोन तास मोबाईल, वेळ त्यांनी आधी कागदावर लिहून द्यायची?

रेक्टर_काका
रविवारी टेस्ट असते सर. बुधवारी बघतो, पण पालकांचे फोन आले की तुमच्याकडं वळवणार.