चाळिशीनंतरची पहिली मॅरेथॉन : तुमचेही अनुभव लिहा

पहाटपाखरू :
काल कात्री शोधायला खण उपसला तर तळाशी माझा मॅरेथॉनचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, निघाला. चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना, चारही गंजलेल्या. कात्री राहिली बाजूला, तिथेच जमिनीवर बसकण मारली.

धावायला लागले तेव्हा ४६ची होते. शाळेत पीटीच्या तासाला हमखास पोट दुखणारी मुलगी मी. पहिल्या दिवशी दोन दिव्याच्या खांबांमधलं अंतर धावले आणि तिसरा खांब धरून उभी राहिले. मग वर्षभराने दहा किलोमीटर, पुढे अर्धी, आणि अर्धीच्या नशेत पूर्णचा फॉर्म भरून टाकला. नवऱ्याला तीन दिवस सांगितलंच नाही.

अठरा आठवड्यांचा सराव. लोक विचारतात शेवटी रडलीस का, पदक कुठंय. मला मात्र आठवतात ते रविवार. साडेतीनचा गजर, कोणी उठू नये म्हणून अंधारातच चाचपडत बांधलेल्या नाड्या. आणि सगळ्यात अवघड गेलं ते हळू धावणं. आठवड्यातलं बहुतेक धावणं इतकं सावकाश हवं की शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. मला जमेचना. एक आजोबा भराभर चालायचे, ते पुढे गेले की माझे पाय आपोआप सुटायचे. एकदा त्यांना मागे टाकायच्या नादात पोटरी धरली आणि दहा दिवस घरी बसले. आजोबा रोज दिसायचे. गॅलरीतून.

३० किलोमीटरच्या रविवारी मोजा काढला, तर अंगठ्याचं काळं पडलेलं नख मोज्यातच राहिलं. दुखलं अजिबात नाही. नवरा ते तळहातावर घेऊन म्हणाला, "ठेवायचंय की टाकू?"

शर्यत ५ तास ४१ मिनिटं. बास, माझं झालं. आता तुम्ही लिहा. हळू धावणाऱ्यांनी आधी.

कासव :
हजर! ६ तास ०४. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. ग्रुपातले म्हणायचे, चालायचंच आहे तर फिरायला जात जा. ही पद्धत रुजवली त्या जेफ गॅलोवेने, आणि तो १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावला होता, हे सांगितल्यावर जरा गप्प झाले. शर्यतीत ३४ला त्यातले दोघे फुटपाथवर पाय पसरून बसलेले दिसले. मी आपली घड्याळाच्या टिंगवर चालतेय, टिंगवर धावतेय. हात केला. त्यांनी नाही केला.

मोजाउलटा :
घासतं तिथे व्हॅसलीन. एवढंच सांगतो. पहिल्या २५ किमीला लावलं नव्हतं. घरी येऊन शॉवरखाली उभा राहिलो आणि अशी किंकाळी फुटली की शेजारचे बेल वाजवून विचारून गेले. पुरुषांनो, पांढरा टीशर्ट घालू नका. छातीवर दोन लाल रेघा घेऊन मी आख्खा रस्ता मिरवलोय.

साखरझोप :
वरच्याला +१. मोजेही उलटे घाला, शिवण टोचत नाही. तुमचं नाव त्यावरूनच का?

मोजाउलटा :
नाही हो, अंधारात घालतो म्हणून. फायदा नंतर कळला.

पाणीपिशवी :
माझं जरा वेगळं. "पाणी प्या, पाणी प्या" इतकं डोक्यात बसलं होतं की प्रत्येक टेबलावर दोन ग्लास, तहान असो नसो. २८च्या पुढे अंगठी बोटात रुतायला लागली. डोकं ठणकतंय, मळमळतंय. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायले! तंबूतल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती प्यायलात?" रक्तातलं सोडियम घसरलं होतं. आपल्यासारख्या संथ मंडळींना हा धोका जास्त, कारण रस्त्यावर जास्त वेळ असतो आणि प्यायला भरपूर उसंत. शर्यत तिथेच संपली. पुढच्या वर्षी फक्त तहान लागली तेव्हा प्यायले आणि पूर्ण केली. अंगठी घरी ठेवून जाते आता.

तिरसट :
१८९६ला अथेन्समध्ये ही शर्यत चाळीसेक किलोमीटरच होती. १९०८ला लंडनमध्ये सुरुवात विंडसर किल्ल्यापाशी आणि शेवट स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर, म्हणून ४२.१९५. १९२१ला तेच कायम झालं. म्हणजे ४० किलोमीटरनंतर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले ते कोणाच्या सोयीसाठी, बघा.

कासव :
हाहाहा! शेवटच्या १९५ मीटरना मीही शिव्या घातल्या होत्या, फक्त पत्ता माहीत नव्हता.

पन्नाशीची :
४९व्या वर्षी ठरवलं. पाळी कधीही यायची, रात्री घामाने झोप मोडायची, तरी मी सरावाचा एक दिवस चुकवत नव्हते. त्याचाच माज. नडगीवर एका जागी दुखायचं, बोट ठेवलं की बरोब्बर तिथेच. पाच आठवडे "अंग रुळतंय" म्हणत ढकलले. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, शर्यत तीन आठवड्यांवर. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं विरळ होतात हे वाचलेलं होतं, पण ते दुसऱ्या बायकांचं वाटायचं.

त्या दिवशी पायात तो मोठा प्लास्टिकचा बूट चढवून पाण्याच्या टेबलामागे उभी राहिले. ग्लास घेता घेता एक बाई थांबली, बुटाकडे पाहिलं, ओल्या हाताने माझा दंड दाबला आणि काही न बोलता गेली. तोवर मी रडले नव्हते.

आता ५२. आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. पहिली मॅरेथॉन बाकी आहे अजून.

पहाटपाखरू :
ताई, खुर्ची तरी घ्यायचीत! पण पोचलं.

साखरझोप :
शेवटचे तीन आठवडे धावणं कमी करायचं असतं ना, टेपर, तिथे माझं डोकं फिरलं. ३२ किमी धावून झाले होते, सगळं सुरळीत. रिकामा वेळ मिळाल्याबरोबर उजवा गुडघा दुखायला लागला. दुसऱ्या दिवशी डावा. मग घसा. मग दाढ! बायको म्हणाली, तू धावायला जा नाहीतर मी माहेरी जाते. म्हणून माळा आवरला, पंखे पुसायला घेतले आणि स्टूल पायाच्या बोटावर पाडून घेतलं. अठरा आठवड्यांतली एकमेव दुखापत, तीही पंख्याने दिलेली. चिकटपट्टी लावून धावलो.

नवखा४४ :
एक विचारू का? धावताना घड्याळ हृदयाचे ठोके १७० दाखवतं. २२० वजा वय केलं तर कमाल ठोके १७६ येतात. मी मरतोय का?

पाणीपिशवी :
ते सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर थांबून डॉक्टरकडे जा, घड्याळाला विचारत बसू नका. सुरू करण्याआधी तपासून घेतलंत ना?

नवखा४४ :
हो, सगळं ठीक आलं. पण धावताना बोलता येत नाही.

कासव :
मग हळू धावा हो.

नवखा४४ :
याहून हळू म्हणजे चालणंच झालं.

कासव :
या, या. जागा आहे.

तिरसट :
भिंतीबद्दल, म्हणजे अचानक सगळी ताकद संपते त्याबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून. अंगात साठलेलं ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) साधारण ३०-३२ किमीपर्यंत पुरतं, मग गाडी रिझर्व्हवर. ३३ला वळणावर मुलगा हातात फलक घेऊन ओरडत होता आणि मला त्याचं नाव आठवेना. खोटं नाही. सख्ख्या मुलाचं. पट्ट्यात तीन जेल (धावताना खायच्या साखरेच्या पुड्या) तशीच पडलेली, सरावात कधी घेतली नव्हती म्हणून पोट बिघडेल या भीतीने फोडलीच नाहीत. कार्ट्याने अजून सोडलेलं नाही. फोन केला की, "बाबा, मी तुमचा मुलगा बोलतोय, नाव सांगू का?"

पन्नाशीची :
ऑफिसात बसून फिस्सकन हसले. लोक बघतायत.

मोजाउलटा :
फौजा सिंग २०००मध्ये लंडनला पहिली मॅरेथॉन धावले तेव्हा ८९ वर्षांचे होते. आपण उगाच वय वय करतोय.

पन्नाशीची :
त्यांना सहा जणांचे डबे भरून निघायचं नव्हतं.

मोजाउलटा :
माघार. 🙏

नवखा४४ :
आज बोलता आलं!! चार मिनिटं धावलो, कुत्र्याशी बोललो. कोणाचं होतं माहीत नाही, पण पूर्ण वाक्यात.

साखरझोप :
कुत्रा काय म्हणाला ते महत्त्वाचं. बाकी पहाटपाखरू, त्या नखाचं पुढे काय झालं?

पहाटपाखरू :
आलं की परत, वर्ष लागलं. जरा वाकडं आलंय. कापायला घेणार होते काल, म्हणूनच तर खण उपसला. कात्री अजून सापडलेली नाही.