मदत हवी आहे: साध्या वेबकॅमवर नजर ओळखून आईसाठी अक्षरफळा, वर-खालचं गंडतंय

नमस्कार मंडळी,

आईला एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा मज्जातंतूंचा आजार) आहे, तीन वर्षं झाली. बोलणं गेलं, हात गेले, डोळे मात्र पहिल्यासारखे चालतात. सध्या आम्ही तोंडाने विचारतो, "क ची ओळ? च ची? ट ची?" आणि हवी ती ओळ आली की ती वर बघते, मग त्यातलं अक्षर, मग काना-मात्रा. परवा "पंखा" सांगायला चार मिनिटं लागली, मी मधेच "पाणी का?" म्हणून अंदाज मारला तर तिने डोळेच मिटून घेतले. बघवत नाही हो. तिचं तिला निवडता यायला हवं.

इन्फ्रारेडवाला आयट्रॅकर (नजर कुठे आहे ते टिपणारं खास यंत्र) परवडत नाही, म्हणून लॅपटॉपच्या ७२०पी कॅमेऱ्यावर पायथनमध्ये लिहिलंय. मीडियापाइप (गूगलची चेहरा ओळखणारी तयार लायब्ररी) चेहऱ्याचे ४७८ बिंदू देतं, त्यातले १० बुबुळांचे, डोळ्याच्या कोपऱ्यांपासून बुबुळ किती सरकलं ते मोजते आणि ९ ठिपक्यांचं कॅलिब्रेशन (स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे एकेक करून बघायला लावून नजरेचं माप जुळवणं) घेऊन रिज रिग्रेशनने (आकड्यांवरून अंदाज बांधणारं एक मॉडेल) स्क्रीनवरची जागा काढते. डावं-उजवं बऱ्यापैकी जमतं पण वर-खाली पार चुकतं, प ची ओळ बघितली की त ची लागते, खाली बघताना पापणी बुबुळावर येते म्हणून असेल का? त्यात कूस बदलली, उशी जरा सरकली की कॅलिब्रेशन बोंबललंच. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की चित्रात पट्टे सरकतात ते वेगळंच. मॉडेल बदलू की कॅमेरा?

प्रतिसाद:
ताई, आधी फळा बदला. ६० सेंटीमीटरवरून नजरेचा १ अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण १ सेंटीमीटर. तुमच्या कॅमेऱ्यात बुबुळ जेमतेम वीस-बावीस पिक्सेलचं दिसत असणार, नजर १ अंश हलली तर ते अर्धा पिक्सेलसुद्धा सरकत नाही. वेबकॅमवर ४ अंशांची चूक सहज होते, म्हणजे ४ सेंटीमीटर, लॅपटॉपच्या स्क्रीनवर तेवढ्यात तुमच्या दोन ओळी जात असतील. त्यामुळे ओळी काढून टाका. डावीकडे एक गट, उजवीकडे एक, मधे रिकामं, कारण डोळ्यांना विसावायला जागा नसेल तर नुसतं बघितलं तरी निवड होते. ज्या गटाकडे बघतील तोच परत डावा-उजवा असा दोन भागांत फोडायचा, दरवेळी अर्धे पर्याय गळतात, म्हणजे रोजच्या ८ गरजा ३ नजरांत, ६४ अक्षरं ६ नजरांत. वर बघायची आईंना सवय आहेच, ती 'रद्द' साठी ठेवा, एवढी मोठी हालचाल कॅमेऱ्याला कळते. गूगलचं लुक टू स्पीक हे अँड्रॉइड अॅप डावं-उजवं-वर एवढ्यावरच चालतं, ते एकदा बघाच. वेगळा यूएसबी कॅमेरा स्क्रीनच्या खाली लावा, पापणी आड येत नाही. पट्ट्यांसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असेल ते ५० करा, आपली वीज ५० ची आहे.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा! ५० केल्यावर पट्टे लगेच गेले. कॅमेरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून खाली आणला, ८ गरजांचा फळा काल रात्री बसून केला आणि आज सकाळी आईने स्वतः पहिली निवड केली, "टीव्ही बंद". टीव्ही आम्हीच तिच्यासाठी लावून ठेवायचो, रोज. आता उशीचं तेवढं राहिलंय, कूस बदलल्यावर ९ ठिपके परत बघायला लावले की ती दमते, फक्त मधल्या एका ठिपक्यावर बघून नजर जेवढी चुकीची दिसते तेवढा फरक वजा केला तर चालेल का? कुणी करून बघितलंय?